एक शिंपला उणा

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. बोईसर.

आलो एकदाचा. पिशवी, वळकटी, गजराचं घड्याळ, सौ.चा फोटो आणि चौथीचं कवितांचं पुस्तक, एवढाच संसार. इस्पितळाच्या मागे दोन खोल्या आहेत, त्यातली चिकूच्या झाडाकडची मला दिली. साठी उलटल्यावर माणसाला कुणी नोकरीवर बोलवावं आणि वर झाडाची खोली द्यावी, हे स्वप्नातही नव्हतं. कारखान्यांकडून वारा आला की घशाला कडवट लागतं. तो खाडीकडून आला तर सुक्या बोंबलांचा वास येतो. दोन्हींची सवय होईल.

इस्पितळ कारखानदारांच्या मंडळाचं. व्यवस्थापक रामकिसन, मूळचे जालन्याकडचे, बोलायला गोड. बाहेरच्या खोलीत रोज शंभर-दीडशे माणसं येतात आणि डॉक्टर एकच. कुणाला आधी आत सोडायचं हे यापुढे कॉम्प्युटरनं ठरवायचं. मुंबईत गिरणीच्या ऑफिसात मी बावीस वर्षं पंचकार्डांवर आणि आठ वर्षं कॉम्प्युटरवर काढली, म्हणून मला बोलावलं. मशीन नवंकोरं आहे. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉपी आणि एक करकरणारा प्रिंटर. मी त्याच्यावरून हात फिरवला तेव्हा रामकिसन हसले. म्हणाले, खंडेराव, घोडं आवडलं का?

आवडलं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार.

तीन दिवस नुसता बसून बघतोय की रांग आत्ता कशी चालते. ती इंदुबाई चालवतात. घिवलीच्या आहेत, रोज सकाळच्या एस.टी.नं येतात. खिडकीशी बसतात आणि येणाऱ्याच्या हातात शिंपला ठेवतात. किनाऱ्यावरून वेचून आणलेले शिंपले, लहान, मध्यम, मोठे. मोठ्या शिंपल्यावाला आधी आत. डॉक्टरांनी तपासलं की बाहेर पडताना शिंपला दाराजवळच्या परडीत टाकायचा. कुणाला केवढा द्यायचा हे बाई माणसाकडे बघून ठरवतात. मधेच एखाद्याचा लहान काढून घेऊन मोठा देतात. कुणी कुरकुरलं तर म्हणतात, तुला लय घाई हाय, म्हणजे तू बरा हायस.

सगळे शिंपले परत आल्याशिवाय दवाखाना बंद होत नाही. तोवर डॉक्टरांच्या स्कूटरची किल्ली बाईंच्या पदराच्या गाठीत असते. डॉक्टरही आता मागत नाहीत. बारा वर्षांत परडीत एकही शिंपला उणा पडला नाही, असं त्या सांगतात.

मी त्यांना समजावलं की आता मशीन हेच काम करेल. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाल्या,

"काका, तोंड बगून समजतं. तुमचं मशीन तोंड बगतं काय?"

मी म्हटलं, तोंडाला आकडा देऊ.

२२ नोव्हेंबर, मंगळवार.

किती वर्षांनी असं काम मिळालं. असेंब्लीत लिहितोय, म्हणजे मशीनच्या कानात थेट बोलायचं, मधे दुभाषा नाही. अक्षर न् अक्षर मोजून. वृत्तात लिहिताना मात्रा मोजाव्यात तसंच.

रांग सरळ ठेवायची नाही. सरळ ठेवली तर नवा माणूस आला की सगळी हलवावी लागते. एक उलटं झाड करायचं, मूळ वर आणि फांद्या खाली. प्रत्येकाच्या खाली दोघं. नियम एकच, बापाचा आकडा लेकरांपेक्षा लहान असता कामा नये. म्हणजे सगळ्यांत मोठा आपोआप शेंड्यावर. नवा माणूस तळाशी चिकटतो आणि बापापेक्षा मोठा असेल तर त्याच्याशी जागा बदलत वर चढतो. शेंड्यावरच्याला बोलावलं की तळाचं शेवटचं पान उचलून वर ठेवायचं, ते आपल्या वजनानं खाली उतरतं. गंमत म्हणजे हे झाड कागदावर काढावंच लागत नाही. मेमरीत एका ओळीतच मावतं. पाचव्याची लेकरं दहावा आणि अकरावा, सहाव्याची बारावा आणि तेरावा. आकडा दुप्पट करायला त्याच्या बिट्स, म्हणजे आतली शून्यं आणि एकं, एक घर डावीकडे सरकवायच्या, बस.

रामकिसननी आकड्यांचा तक्ता दिला. मोठ्या कारखान्याचं कार्ड असेल तर २००. लहान कारखान्याचं १५०. कार्ड नसेल तर १. मी विचारलं, आणि आजार? ते म्हणाले, रक्त वाहत असेल तर तो थेट वॉर्डात जाईल, बाकी ताप सगळ्यांचा सारखाच, आणि इस्पितळ चालतं कार्डांवर.

मला आमची शाळा आठवली. माणदेशातली, एक खोली आणि एक रांजण. उन्हाळ्यात रांजणाशी रांग लागायची तेव्हा गुरुजी स्वतः रचलेलं म्हणायला लावायचे:

ज्याची तहान मोठी त्याचा
आधी तांब्या, आधी ओठ;
मागून गुरुजी, मागून पाटील,
मागून भरलं ज्यांचं पोट.

हे चार चरण मी प्रोग्रॅमच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत टाइप करून ठेवले. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम दिला की पुढचं मशीन वाचत नाही, ते फक्त माणसासाठी असतं. त्याच्या खाली रामकिसनचा तक्ता लिहिला. तो मशीन वाचतं.

१ डिसेंबर, गुरुवार.

आज चालू केलं. नारळ फुटला. खिडकीशी मंदा नावाची नवी बाई बसवली आहे, इंदुबाईंना वॉर्डातल्या चादरींवर घातलं. मंदा नाव आणि कार्ड टाइप करते, प्रिंटर चिठ्ठी काढतो, ती चिठ्ठी वाचून हाक मारते. मी तिला बजावलं की मशीननं काढल्याशिवाय कुणाचंही नाव घ्यायचं नाही, माझंसुद्धा.

पहिल्या तासात घोटाळा झाला. बिनकार्डाचेच आधी निघू लागले. झिपरू, सुका, सगळे ठेकेदाराकडचे, इमारतीच्या कामावरचे लोक. कार्डवाले चिडले, रामकिसन धावत आले. पाच जण आत जाऊन आले होते. सहावी चिठ्ठी निघाली, नवसी जिव्या. विशीतली पोर, मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरची, नवऱ्याबरोबर इथे विटा वाहायला आलेली. ताप आणि धाप. नवऱ्याच्या खांद्याला धरून उठली, दाराकडे चार पावलं गेली असेल. मी मंदाला सांगून तिला थांबवलं.

चूक लगेच सापडली. एका बाईटमधला, म्हणजे मेमरीच्या एका खणातला, आकडा मशीनला दोन तऱ्हांनी वाचता येतो. मी तुलनेसाठी जी सूचना वापरली होती तिच्या लेखी १२७ च्या वरचा आकडा म्हणजे शून्याच्या खालचा. त्यामुळे २०० झाले उणे ५६, आणि १ त्यांच्या डोक्यावर बसला. एक सूचना बदलली. अकरा मिनिटं लागली. पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर बघत राहिलो. नवसीचं नाव घसरत घसरत पार तळाशी गेलं. झाड इतकं सुरेख सावरलं की मी टाळी वाजवली.

तिला बसायला सांगितलं. ती बसली. साडेबाराला डॉक्टर कारखान्यांच्या फेरीला गेले. किल्ली आता त्यांच्याच खिशात असते.

२ डिसेंबर, शुक्रवार.

प्रोग्रॅम उत्तम. शंभर माणसांतून पुढचा निवडायला सात उड्या पुरतात.

नवसी आज पण आली होती. तिच्यापुढे चौतीस कार्डं, आणखी येतच होती. तिची वेळ आली नाही. इंदुबाई चादरी घेऊन जाताना तिच्यापाशी थांबल्या आणि कमरेच्या पिशवीतून सगळ्यांत मोठा शिंपला काढून तिच्या हातात दिला. आता त्या शिंपल्याला कोण विचारतो. पण पोरीनं मूठ घट्ट मिटली.

३ डिसेंबर, शनिवार.

तिसरा दिवस. बाकावर आडवी झाली होती. जिव्यानं माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं की साहेब, आमचं नाव मशीनमदी हाय ना? मी म्हटलं, आहे, शेवटी आहे.

हातानं तिच्या नावापुढे २५० घालता आलं असतं. तीन कळा दाबायच्या होत्या. मी खुर्चीवरून उठलोही होतो. मग वाटलं, आज एकीसाठी केलं तर उद्या दहा जण येतील, आणि मंदाला मीच नियम घालून दिलेला. माझ्या झाडाला हातानं पान चिकटवायचं नव्हतं. बसलो.

साडेबाराला दवाखाना बंद झाला.

५ डिसेंबर, सोमवार.

जिव्या आला. एकटाच. काल टेम्पोतून पाड्याकडे नेताना मासवणच्या अलीकडेच गेली.

तो तक्रार करायला आला नव्हता. चादरींच्या खोलीपाशी इंदुबाईंना शोधत आला. मी तिथेच होतो. म्हणाला,

"बाय, तुजा शिपला तिच्या मुठीत ऱ्हायला. मूठ सोडवली नाय आमी. दुसरा आणून देऊ काय?"

बाईंनी त्याला जवळ बसवलं. माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.च्या आधीच त्या निघून गेल्या, परडी घेऊन.

मला जेवण गेलं नाही.

७ डिसेंबर, बुधवार.

सकाळची पहिली चिठ्ठी निघाली ती नवसी जिव्या.

मंदानं दोनदा हाक मारली. तिला काय माहीत. कुणी उठलं नाही. पण डॉक्टरांच्या खोलीचं स्प्रिंगचं दार आत ढकललं गेलं आणि पुन्हा मिटलं. वारा असेल. डॉक्टरांनी आतून विचारलं की पेशंट कुठे आहे.

दुपारी कारण सापडलं. बंद करताना रांग फ्लॉपीवर जशीच्या तशी जाते. ती रिकामी करायची सूचना मी लिहिलीच नव्हती. लिहिणार कशी? इंदुबाईंच्या परडीशी तीन दिवस बसून मी हेच शिकलो होतो की दवाखाना बंद होतो तेव्हा रांग संपलेली असते. सात दिवसांत एक्केचाळीस नावं तळाशी साचली होती. सगळी पुसली. कारण सापडलं की बरं वाटतं.

पण ती तळाशी होती. शेंड्यावर कशी आली?

८ डिसेंबर, गुरुवार.

पुन्हा पहिली चिठ्ठी तीच.

नवी फ्लॉपी घातली होती. मेमरी शून्यांनी भरून घेतली होती. तिच्या नावापुढे आकडा १ च आहे आणि खाली दोन्हीकडे दोनशे-दोनशे. बाप लहान, लेकरं मोठी. असं झाड उभंच राहू शकत नाही. कागदावर एकेक पायरी सोडवून बघितली. तुलना बरोबर, उड्या बरोबर.

दार आजही हललं. आज वारा नव्हता.

९ डिसेंबर, शुक्रवार.

आज चार चिठ्ठ्या अशाच निघाल्या, नवसीची आणि आणखी तिघांची. चौघांपैकी कुणीही बाकावर नव्हतं. घिवलीला जाऊन इंदुबाईंना गाठलं. त्या ओट्यावर मासळी निवडत होत्या. पुसण्याआधी कागदावर उतरवलेली सगळी नावं मी वाचली. एक्केचाळिसांतले बाकीचे पालघरला गेले, कुणी वैद्याकडे, कुणी घरीच बरे झाले. हे चौघं मात्र वारले. बाईंनी बोटावर मोजून वार सांगितले.

मी विचारलं, परत याल का? त्यांनी परडी दाखवली. म्हणाल्या, एक उणा हाय, तो आल्याबिगर मी कशी येऊ.

१० डिसेंबर, शनिवार.

आज जिवंत माणसाचं नाव पहिलं निघालं. पण कुणाचं? लहान कारखान्यातला एक तगडा ऑपरेटर, रजेच्या सर्टिफिकेटसाठी आलेला. दोनशेवाले वीस जण बसलेले असताना हा दीडशेवाला आधी. मित्र म्हणाले, जा बाबा, मशीनला आवडलास. तो हसत आत गेला आणि डॉक्टरांच्या टेबलापाशीच कोसळला. हृदय. आत होता म्हणून वाचला. बाकावर असता तर गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणजे मशीन तोंड बघतंय.

प्रोग्रॅममध्ये तोंड बघायला सांगणारं काहीच नाही. एका जागेखेरीज. डोक्यावरचे चार चरण. ज्याची तहान मोठी—

ते मशीनपर्यंत पोचतच नाहीत. प्रोग्रॅम मशीनच्या आकड्यांत उतरताना ते गळून पडतात. आठ वर्षं मी हे लोकांना शिकवलं.

१२ डिसेंबर, सोमवार.

चरण खोडले. पुन्हा बनवला. चालू केला. प्रोग्रॅम छापून बघितला तर चरण डोक्यावर होते. अर्धविराम नव्हते.

१३ डिसेंबर, मंगळवार.

रामकिसननी बोलावलं. दोन कारखान्यांची पत्रं आली आहेत. त्यांचे लोक बसून राहतात आणि ठेकेदाराची माणसं आधी जातात. मी खरं ते सांगितलं, सगळं. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला. म्हणाले, खंडेराव, वय झालं, मी समजू शकतो. पण मशीन कार्डाप्रमाणे चाललं पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

त्यांना म्हणायला हवं होतं की बघा दुसरा. चिकूच्या झाडाकडची खोली आठवली. मुंबईत आता माझं कोण आहे?

होय म्हणालो.

१४ डिसेंबर, बुधवार.

झाडाला हात लावला नाही. त्याला काय निवडायचं ते निवडू दे. शेवटी प्रिंटरच्या तोंडाशी तीन सूचना घातल्या. आकडा शंभराच्या खाली असेल तर चिठ्ठी छापायची नाही, नाव बाजूला ठेवायचं, कार्डं संपली की मग. साडेबाराच्या आत कार्डं कधीच संपत नाहीत.

चालतंय. रामकिसन खूश. चिठ्ठ्या सगळ्या कार्डवाल्यांच्या. पडद्यावर शेंड्याला नाव येतं, थरथरतं, आणि चिठ्ठी न निघता जातं.

दार दिवसभर हललं नाही. डावीकडचं शेवटचं बाक मात्र कुणी वापरत नाही. गर्दी असूनही. मंदाला विचारलं, तर म्हणाली, काका, तिथं माणसं बसलीत ना.

१५ डिसेंबर, गुरुवार.

आज मलाही दिसलं. बाक लाकडी आहे, फळी मधे वाकली आहे. ओझ्यानं वाकावी तशी.

शाळेत रांजणाशी मी नेहमी पुढे घुसायचो. गुरुजी कान धरून मागे न्यायचे. मागे उभा राहून चरण म्हणताना रडायचो. इतक्या वर्षांनी ते रडणं गोड वाटायचं. आता नाही वाटत.

उद्या त्या तीन सूचना काढतो. रामकिसन गेले खड्ड्यात. उद्या सकाळी पहिलं काम तेच—

१६ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी अकरा.

काढायच्या राहिल्या. उठल्यापासून छातीत जड. डावा हात मुंग्या आल्यासारखा. मशीनपर्यंत गेलो, बसवेना. खिडकीशी जाऊन मंदाला म्हटलं, जरा जळजळतंय, नाव घाल. तिनं विचारलं, काका, कार्ड? मी हंगामी. कार्ड नाही.

तिनं १ घातला.

साडेअकरा.

बाकावर बसून लिहितोय. जागा एकाच बाकावर होती.

इथून पडदा दिसतो. शेंड्यावर माझं नाव आहे. दोनशेवाल्यांच्या डोक्यावर. मशीन मला बोलावतंय. थरथरतं, जातं. पुन्हा येतं. प्रिंटर गप्प. मीच गप्प केला.

मंदाला हाक मारली. ती म्हणाली, काका, मशीननं नाव काढलं की लगेच बोलावते, तुम्हीच सांगितलंय ना.

बारा दहा.

घाम. कागद ओला. आवाज फुटत नाही. शेजारी कुणीतरी धापा टाकतंय. माझ्या नव्हेत त्या. माझ्या वेगळ्या—

बारा पस्तीस.

स्कूटरचा आवाज. गेले. मंदा कुलूप आणायला. खोली रिकामी. बाक भरलेलं.

चौघं. विटांची धूळ पायांवर. रागावलेले नाहीत. रागावले असते तर—

कडेला ती. मूठ मिटलेली. माझ्याकडे बघतेय. तोंडाकडे. इंदुबाई बघायच्या तशी.

मूठ उघडली. मोठा शिंपला. अजून ओली माती. पुढे करतेय—मला. आधी मी. तिच्याही आधी.

घेतला. गार.

स्प्रिंगचं दार उघडतंय. आत डॉक्टर नाहीत, मी स्कूटर ऐकली. आतून हाक—माझं नाव—शाळेतलं, खंडू—

गुरुजी, मी मागे उभा राहतो. मी मागे—